आधी मामी द्या

आमची मुलगी 'हॉर्स' हा शब्द 'पोनी' असा वाचायची आणि त्याबद्दल तिला शाळेत शाबासकी मिळायची. चित्रात घोडा होता, घोड्यावर एक लहान मुलगी होती, तेव्हा पोनी म्हणणं अगदीच वावगं नाही, असं तिच्या दुसरीच्या टीचरचं म्हणणं. मी पालकसभेला तिच्यासमोर बसले होते. म्हटलं, "पण मॅडम, शब्दाचं पहिलं अक्षर एच आहे." टीचर गोड हसली आणि म्हणाली की अर्थ कळणं महत्त्वाचं, अक्षरं काय, आपोआप येतील. माझ्या डोक्यात तिथेच सणक गेली. पण दुसऱ्याच्या दारात आवाज चढवायचा नाही या शिस्तीत मी वाढलेली, त्यामुळे 'थँक यू' म्हणून उठले आणि तो राग घरी आणून नवऱ्यावर काढला.

शाळा अमेरिकन होती. म्हणजे इमारत दुबईत, पोरं जगभरातली, पण अभ्यासक्रम अमेरिकेचा. मुलीला तिथे घातलं, कारण आम्ही अमेरिकेला निघालो होतो. नवऱ्याच्या कंपनीला तिकडे मोठं काम मिळणार होतं, तेव्हा पोरीला आधीपासून सवय असावी असा हिशोब. काम मिळालं नाही, व्हिसा आला नाही, आम्ही अल मनखूलच्या त्याच इमारतीतल्या त्याच फ्लॅटमध्ये राहिलो, आणि मुलगी तेवढी रोज सकाळी पिवळ्या बसमधून अमेरिकेला जाऊन दुपारी परत यायला लागली. फी दिरहॅममध्ये भरायची आणि रुपयांत हळहळायचं, हे आमचं दर टर्मचं व्रत होतं.

चित्र बघून शब्द ओळखायची ही तऱ्हा शाळेने स्वतः शोधलेली नव्हती. तीही पुस्तकांच्या खोक्यांबरोबर अमेरिकेहूनच आली होती. तिकडे म्हणे वाचायला कसं शिकवावं यावरून कित्येक वर्षं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, मुलांना पुस्तकांत सोडा, चित्रं बघू द्या, अंदाज बांधू द्या, वाचन येतंच. दुसरा म्हणतो, येतंच वगैरे काही नाही, अक्षर आणि त्याचा आवाज पहिल्या दिवसापासून नीट शिकवा. यावरून तिकडे कायदे होतात, निवडणुकांत भाषणं होतात, शाळांच्या सभांत पालक एकमेकांच्या अंगावर जातात. हे सगळं मी इंटरनेटवर वाचलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पुण्यातल्या आमच्या महापालिकेच्या शाळेत बाईंनी 'क ला काना का' घोकून घेतलं आणि दिवाळीपर्यंत सगळा वर्ग दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत घरी जायला लागला. अननसाचं चित्र आमच्याही पुस्तकात होतं. पण ते बघून कोणी 'फळ' असं वाचलं असतं, तर बाईंनी पट्टी उगारली असती. इंग्रजीची अक्षरं आपल्यासारखी सरळ वागत नाहीत हे मलाही कळतं, पण म्हणून त्यांच्याकडे बघायचंच नाही म्हणजे काय?

मुलगी तिसरीत गेली तोवर तिकडचं वारं फिरलं होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी अक्षरांच्या बाजूने कौल दिला होता, आणि वारं फिरलं की आमच्या शाळेचंही शीड फिरायचं. शाळेत नवी प्रिन्सिपल आली. साठीच्या आसपासची, उंच, कापलेले पांढरे केस, पायात खेळायचे बूट. सारी हयात तिने अमेरिकेतल्या सरकारी शाळांत काढली होती. पहिल्या आठवड्यापासून ती वर्गावर्गात मुलांशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायला लागली. चित्राच्या पुस्तकावर स्वतःचा तळहात ठेवायची आणि म्हणायची, आता वाच. तिसरीतली अर्धी पोरं गप्प झाली. त्यात आमचीही होती.

जानेवारीत आम्हाला बोलावून तिने स्पष्ट सांगितलं. "तुमची मुलगी हुशार आहे. इतकी हुशार आहे, की वाचता येत नाही हे तिने दोन वर्षं कोणाला कळू दिलं नाही. ती वाचत नाहीये, ओळखतेय."

ते वाक्य ऐकून, खरं सांगायचं तर, मला जरा बरंच वाटलं. दोन वर्षं मी जे म्हणत होते ते कोणीतरी पहिल्यांदा माझ्यासमोर म्हटलं होतं.

पण तिचं पुढचं बोलणं ऐकून बरं वाटायचं थांबलं. शाळा नवा नियम करायच्या विचारात होती. तिसरीच्या अखेरीला वाचनाची परीक्षा, आणि जो त्यात पास होणार नाही त्याने पुन्हा तिसरीतच बसायचं. ती जिथून आली त्या राज्यात तसा कायदाच होता. मात्र ठरवण्याआधी तिला पालकांचं ऐकायचं होतं, आणि तेही तिकडच्या सरकारी शाळांच्या रीतीने. खुली सभा, मध्ये माइक, ज्याला बोलायचं त्याने उभं राहून तीन मिनिटं बोलायचं.

घरी पोचून लिफ्टमध्ये शिरल्यावर नवरा म्हणाला, "नापास? तिसरीत? आपल्या घरात?"

"नापास नाही रे. रिपीट म्हणाल्या त्या."

"एकच आहे. आपण स्कूल चेंज करू. इंडियन स्कूलमध्ये डायरेक्ट चौथीत टाकू. खलास. कोणाला काही कळायचं नाही."

"अरे, तिला वाचता येत नाही. शाळा बदलून काय येणार आहे?"

"ते बघू नंतर. आणि आईला फोनवर यातलं अक्षर बोलू नकोस."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीजवळ त्यांच्या गावी असतात. त्यांना सांगायचं माझ्या मनातही नव्हतं. पण त्याची घाई बघून मी चकित झाले. माझा नवरा एसी दुरुस्तीच्या कंपनीत मॅनेजर आहे. ऐन जुलैत हॉटेलचा एसी बंद पडतो, मालक फोनवर शिव्या घालतो, तरी हा 'इन्शाल्ला सर, इन फिफ्टीन मिनट्स' असं शांतपणे म्हणत बसतो. एवढा थंड माणूस मुलीच्या एका परीक्षेवरून असा का तापतो, हे मला कळेना.

मग त्याने रोज संध्याकाळी तिला वाचायला बसवायचं मनावर घेतलं आणि घरात रोज सातच्या सुमाराला लढाई सुरू झाली.

"चित्र नको बघू. अक्षर बघ. अक्षर!"

"आय ॲम लुकिंग, बाबा!"

"मग काय लिहिलंय?"

"...रॅबिट?"

"ससा कुठे दिसला तुला? आर आहे का पहिलं अक्षर?"

पोरीच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी, हा उठून बाल्कनीत. एकदा विषय बदलावा म्हणून ती त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, व्हाय डू यू हॅव टू बर्थडेज?"

हा प्रश्न आमच्या घरात जुना आणि लाडका होता. बाबाचा एक वाढदिवस पासपोर्टवरचा, एक जूनचा, आणि एक खरा, श्रावणातला, ऑगस्टमध्ये येणारा. त्याच्या पिढीच्या गावाकडच्या कित्येक मराठी माणसांचे कागदावरचे वाढदिवस एक जूनला येतात, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तर तीच तारीख ठोकून देत. इथे दुबईत सगळं पासपोर्टवर चालतं, तेव्हा ऑफिसचा केक, बँकेचा मेसेज, सगळं एक जूनला. घरची खीर-पुरी ऑगस्टमध्ये. एरवी तो हसून म्हणायचा, "हेडमास्तरांची कृपा!" त्या संध्याकाळी हसला नाही. "पुस्तकात बघ," एवढंच म्हणाला.

आमच्याच मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब आहे. तिथली भाभी आणि मी बारा महिने तेरा काळ एकमेकींच्या स्वयंपाकघरात असतो. ती मला वहिनी म्हणते, तिच्या नवऱ्याचा दुबईच्याच देरा भागात सुक्या मेव्याचा व्यापार आहे, आणि तिचा मुलगा आमच्या मुलीच्याच वर्गात. त्याचंही वाचन तसंच. फरक एवढाच, की आमच्याकडे दुखवटा होता आणि तिच्याकडे कढईत मासे तळले जात होते.

"वहिनी, मी नाव दिलंय हां सभेत बोलायला," ती म्हणाली.

"तू? माइकवर?"

"का? तीन मिनटं कमी पडतील मला. आमच्या सासूसमोर तर तासभर बोलते मी. तूपण दे नाव. यल्ला, चल, उद्याच दे."

आपल्याकडे सभेत बोलायची रीत नाही. आपली रीत म्हणजे सभेत मान डोलवायची आणि मग सरांना एकटं गाठून, 'आमच्याच मुलाचं तेवढं बघा' म्हणायचं. मीही तेच करणार होते, अगदी बाकरवडीचा पुडा घेऊन. पण भाभी म्हणाली, "पुडा घेऊन गेलीस तर तुझी पोरगी सुटेल, माझ्या पोराचं काय? सगळ्यांसमोर बोल ना." मला लाज वाटली आणि मी नाव दिलं. बाकरवडी आम्ही दोघींनी तिथेच संपवली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भडकला. "चारचौघांत आपल्या मुलीचा तमाशा करणार तू? तिथे चार मराठी फॅमिली आहेत. आख्ख्या मनखूलला कळेल."

"कळू दे. तिला ताप आला तर लपवतो का आपण?"

"ताप वेगळा," तो म्हणाला. "तापाला कोणी हसत नाही." आणि सभेला येणार नाही असं सांगून मोकळा झाला.

सभा शाळेच्या जिममध्ये होती. बास्केटबॉलच्या रिंगखाली खुर्च्या मांडल्या होत्या, मध्ये माइक, माइकसमोर टेबलावर एक छोटा दिवा. हिरवा असेपर्यंत बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की बसा. प्रिन्सिपलबाई सुरुवातीला थोडकं बोलल्या. आपल्या राज्यात हा कायदा आला तेव्हा आपण त्याच्या बाजूने होतो, असं त्यांनी सांगितलं. "पुन्हा त्याच वर्गात बसून फुललेली मुलं मी पाहिली आहेत. पुन्हा बसून कायमची गप्प झालेली मुलंही पाहिली आहेत. कुठल्या मुलाचं काय होईल, हे मला आधी ओळखता आलेलं नाही. म्हणून मला तुमच्याकडून ऐकायचंय." इतका मोठा हुद्दा असलेल्या माणसाने 'मला माहीत नाही' असं माइकवर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला ती बाई तेव्हापासून आवडायला लागली.

एक अमेरिकन बाप नियमाच्या बाजूने बोलला. त्याच्या थोरल्या मुलाला तिकडे दरवर्षी वरच्या वर्गात ढकललं होतं. रिपोर्ट कार्डावर नेहमी छान छान शेरे, आणि हायस्कूलला गेल्यावर कळलं की पोराला धड वाचता येत नाही. "तेव्हाच कोणीतरी त्याला थांबवायला हवं होतं," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. मी नियमाच्या विरुद्ध बोलायला आले होते, पण त्याचं ऐकून माझीच पंचाईत झाली. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्यामागून एक इजिप्तची आई म्हणाली की तिच्या बहिणीला लहानपणी मागे ठेवलं होतं, ती पुन्हा शाळेकडे फिरकलीच नाही. तीही खोटं बोलत नव्हती.

भाभीने सभा जिंकली. "माझा मुलगा सुपरमार्केटमध्ये चार भाषांत भाव करतो," तिने आपल्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "आणि कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. त्याला वीक म्हणू नका. त्याला कोणी शिकवलं नाही, म्हणा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझं नाव आलं. घोड्याची आणि पोनीची गोष्ट मी सांगितली, लोक हसले, दुसरीच्या टीचरने मान खाली घातली आणि मला तिचं जरा वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, माझ्या मुलीला मागे ठेवू नका. पण ठेवलं नाही तर पुढे काय करायचं, हे मला सांगता आलं नाही. दिवा पिवळा झाला आणि मी बसले.

प्रिन्सिपलबाईंनी विचारलं, आणखी कोणी? तेव्हा मागच्या दाराशी हालचाल झाली. कंपनीचा निळा शर्ट, पायात साइटवरचे जड बूट, अल क्वोजच्या गोडाऊनमधून तसाच आलेला माझा नवरा मधल्या वाटेने माइककडे चालत येत होता. मला वाटलं, हा आता माझी बाजू खोडून काढणार, शाळा सोडतो म्हणून जाहीर करणार. मी पदराशी चाळा करावा तसा ओढणीशी करायला लागले.

तो इंग्रजीत बोलला, ऑफिसच्या इंग्रजीत, सुटं सुटं.

"मी चौथीत नापास झालो होतो."

आमच्या पुढच्या रांगेतल्या एका मराठी बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांना काय सांगणार? मलाही तेव्हाच कळत होतं.

"गावात हसायला नको म्हणून घरच्यांनी मला मामाकडे पाठवलं, दुसऱ्या गावी. तिथे मी पुन्हा चौथीत बसलो. पुस्तक तेच, धडे तेच. मला एव्हाना ते पाठ झाले होते, म्हणून मी पास झालो. वाचता तेव्हाही येत नव्हतं. म्हणजे ते वर्ष मला मागे ठेवून काही मिळालं नाही. आणि वर ढकललं असतं, तरीही काही मिळालं नसतं."

त्याने माइक जरा खाली ओढला.

"पण मामाच्या घरी माझी मामी होती. ती रोज दुपारी तांदूळ निवडायला बसायची आणि मला समोर पेपर घेऊन बसवायची. मी अंदाजाने वाचलं, की ताटातला हात उचलून फोटोवर ठेवायची. म्हणायची, फोटो राहू दे, अक्षर सांग. चुकलो तर रागवायची नाही, तांदूळ निवडत थांबून राहायची. मी वाचायला शिकलो ते तिच्यामुळे." मग तो प्रिन्सिपलबाईंकडे वळला. "मॅडम, माझी मुलगी पुढे जावी की मागे राहावी, यावर तुम्ही सगळे इतका वेळ बोलताय. मला दोन्ही चालेल. पण आधी मामी द्या. मामी दिल्याशिवाय माझ्या मुलीचं वर्ष मागू नका."

दिवा अजून हिरवाच होता. त्याचं बोलून झालं होतं, तरी तो तिथेच उभा राहिला, कुठे जावं ते न कळल्यासारखा. मग भाभी उठून टाळ्या वाजवायला लागली आणि तिच्यामागून तो अमेरिकन बाप उठला.

गाडीत बसल्यावर मला आधी राग आला. बारा वर्षांचा संसार, आणि ही गोष्ट मी तीनशे माणसांबरोबर ऐकावी?

"सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण आईने शपथ घातली होती. आणि नंतर नंतर तर मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं."

"म्हणून शाळा बदलायची घाई."

"आमच्यात तोच उपाय माहीत ना. गाव बदला, शाळा बदला." मग गाडी वळवता वळवता म्हणाला, "आणि तारीख बदला. मामाच्या ओळखीचे हेडमास्तर होते. वर्ष वाया गेलेलं दिसू नये म्हणून त्यांनी एक जून लावला, पण पुढच्या सालातला. मी पासपोर्टपेक्षा दहा महिन्यांनी मोठा आहे."

इतकी वर्षं मी समजत होते की हेडमास्तरांनी याला दोन महिन्यांनी मोठा करून ठेवलाय. त्यांनी उलट लहान केला होता. मी हिशोब करत बसले आणि एकदम माझ्या लक्षात आलं. "थांब. आपली पत्रिका? गुण जुळवले ते कुठल्या सालाचे?"

तो सिग्नलला थांबला होता. "आईने नवीन करून घेतली होती."

म्हणजे माझ्या आईवडिलांनी गुरुजींपुढे बसून, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण म्हणून समाधानाने मान डोलवली, ती या माणसाच्या गुणांना नव्हेच. मला इतकं हसू फुटलं की मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी थांबेना. मग तोही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि तेव्हा मला त्याची फार माया आली. चौथीतलं एक पोर एकटं दुसऱ्या गावी पाठवलेलं, स्वतःची जन्मतारीखसुद्धा मागे टाकून.

मुलीला त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, मी काही सांगायच्या आधीच.

"यू फेल्ड?" तिचे डोळे मोठे झाले. "लाइक, अ होल इयर?"

"होल इयर."

"वर यू सॅड?"

"खूप. मग मामी भेटली."

तिने जरा विचार केला आणि स्वतःच पुस्तक घेऊन त्याच्या मांडीला टेकून बसली.

शाळेने नियम केला, पण आधी ठरला होता तसा नाही. नुसत्या परीक्षेवर कोणाला मागे ठेवायचं नाही. आधी मामी. म्हणजे तिसरीतल्या ज्यांना गरज आहे अशा मुलांना रोज अर्धा तास, चार-चार जणांच्या गटात, अक्षर आणि आवाज पहिल्यापासून. वर्षाच्या शेवटी टीचर आणि आईबापांनी मिळून काय ते ठरवायचं. प्रिन्सिपलबाईंनी त्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. पोरांनी ते एका आठवड्यात टाकून दिलं. लेबनॉनची, केनियाची, कोरियाची पोरं कॉरिडॉरमधून ओरडत जायची, "आय हॅव मामी नाऊ!" मुलांचं वाचन ऐकायला पालकही लागायचे. भाभी आठवड्यातून दोन दिवस जायला लागली. नवरा शुक्रवारी सकाळी ऑफिसला उशिरा जायचा आणि त्या छोट्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसायचा. दुसरीची टीचरही ते नवं शिकवणं शिकून त्यातलाच एक गट घेऊ लागली. तिने मला एकदा गेटवर गाठून सांगितलं, "आम्हाला जे शिकवलं होतं तेच आम्ही शिकवत होतो." मी म्हटलं, माहीत आहे, आणि या वेळी 'थँक यू' मनापासून म्हटलं.

सुरुवातीला सगळं बिघडल्यासारखंच झालं. अंदाजाने धडाधडा वाचणारी आमची पोर एकेका अक्षराशी अडायला लागली. 'आय वॉज फास्टर बिफोर,' म्हणून रडायची. मीच घाबरले. नवरा मात्र आता घाबरत नव्हता. मी भाजी निवडत असले की तिला माझ्यासमोर बसवायचा आणि मला दटावायचा, "तू बोलू नकोस. भाजी निवडत राहा." मीही मग मेथीच्या जुडीकडे बघत गप्प बसायचे, आणि पलीकडून तिचा तुटक तुटक आवाज येत राहायचा.

एके दिवशी आम्ही खाली दूध आणायला गेलो होतो. कोपऱ्यावरच्या दुकानाकडे ती नेहमी 'वॉशिंग शॉप' म्हणून बोट दाखवायची, कारण पाटीवर मशीनचं चित्र आहे. त्या दिवशी थांबली. पाटीकडे बघत ओठ हलवले. मग हात उंच करून, एक डोळा मिटून, तळव्याने ते मशीन झाकलं.

"लाँ... ड्री. लाँड्री! आई, इट सेज लाँड्री!"

दुकानातला इस्त्रीवाला दचकून बाहेर आला. मी भर रस्त्यात पोरीचे पटापटा मुके घेतले. तिला लाज वाटली, मला काही वाटली नाही.

जूनअखेर ठरलं. आमची चौथीत जाणार, मात्र तिकडेही काही महिने तिची मामी चालू राहणार. भाभीने आपल्या मुलाला तिसरीतच ठेवायचं ठरवलं, स्वतःहून. वर्गात सर्वांत लहान तोच होता, आणि त्याला अजून एक वर्ष मिळालं तर चांगलं, असं तिला आणि टीचरला दोघींनाही वाटलं. आमच्यासारखं तोंड लपवून नव्हे. फणसाची गोड सांदणं केली आणि मजल्यावर सगळ्यांना वाटली. "घाई कसली आहे?" ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. "मामी आहे ना त्याला. खा तुम्ही, भाईजान." नवऱ्याने दोन खाल्ली आणि तिसरं मागून घेतलं.

त्या वर्षी एक जूनला ऑफिसात नेहमीसारखा केक कापला गेला. मुलीने मात्र घरी गाणं म्हणायला साफ नकार दिला. "दॅट्स नॉट युअर रिअल वन," म्हणाली.

खरा आला ऑगस्टमध्ये. सुट्टीवरून परतल्याला दोन दिवस झाले होते, मी खीर ढवळत होते. ती खोलीतून पाठीमागे काहीतरी लपवत आली आणि बाबासमोर एक कार्ड धरलं. त्यावर मोठं रंगीत चित्र होतं. तो कौतुकाने चित्राकडे वाकला, तर तिने चटकन त्यावर तळहात ठेवला.

"नो गेसिंग, बाबा. रीड."

खाली तिच्या हातची अक्षरं होती, थोडी चढउतार झालेली. तो बोट ठेवून वाचायला लागला. "हॅपी... बर्थडे... बाबा. यू... आर..." आणि तिथे अडला. आकडा तिने अक्षरांत लिहिला होता. इतकी वर्षं प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक काउंटरवर जे वय सांगितलं ते त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खीर ढवळत राहिले. मुलगीही तळहात तसाच ठेवून थांबून राहिली.

"फॉर्टी-फोर," त्याने वाचलं.

"करेक्ट," ती म्हणाली आणि हात काढला. हाताखाली तिने मामी काढली होती, मांडीवर तांदळाचं ताट, आणि समोर पेपर वाचत बसलेला एक मुलगा.